वाचनालयातले नऊ कॉम्प्युटर आणि लिनक्स : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

टेम्पो आला एकदाचा. मुंबईला आंब्याच्या शेवटच्या पेट्या टाकून रिकामा परत येत होता, त्यात आपल्याच गावच्या एका चाकरमान्याने त्याच्या ऑफिसातले काढून टाकलेले कॉम्प्युटर चढवून दिले, भंगारवाला किलोवर मागत होता म्हणे, त्यापेक्षा गावच्या वाचनालयाला. नऊ सीपीयू, आठ मॉनिटर, अकरा कीबोर्ड (का अकरा ते विचारू नका) आणि एका गोणपाटात वायरींचा गुंता. सगळ्याला पेटीतलं गवत चिकटलेलं. हार्डडिस्क पुसून पाठवल्यात, म्हणजे आत कायपण नाही.

वयनी वाचनालय सांभाळते, तिचा पहिला प्रश्न, "भाओजी, ह्ये चालतले मा? नायतर आणखी एक कपाट धूळ खायत बसतला." म्हटलं बघू.

ठरलंय ते एवढंच. पावसाळ्यात दर रविवारी दोन तास, ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही त्यांना शिकवायचं, आणि मशीनवर लिनक्स घालायचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. वह्या हरवतात म्हणून नोंदी इथे ठेवतोय.

५ जून, गुरुवार

आज सगळे उघडले. सहा आहेत तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे, चार जीबी रॅमवाले (रॅम म्हणजे चालू असेपर्यंतच टिकणारी मेमरी), दोन कोअर टू ड्युओ दोन जीबीचे, आणि एक चक्क पेंटियम फोर. त्याचं नाव लगेच आजोबा पडलं.

एका आय-थ्रीच्या पॉवर सप्लायमध्ये पाल भाजून मेलेली, ती मदरबोर्डला पण सोबत घेऊन गेली. त्याची रॅम काढून दुसऱ्यात घातली, म्हणजे एक मशीन आठ जीबीचं झालं आणि चालणारी एकूण आठ राहिली.

तीन मशीन चालू केल्यावर नुसते टूं टूं वाजत होते, स्क्रीनवर काही नाही. पुण्यात रिपेअरिंगच्या दुकानात होतो तेव्हापासूनचा उपाय, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला पांढरा खोडरबर घासायचा, एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने, चुरा फुंकायचा नाही (तोंडातली वाफ जाते) तर ब्रशने झाडायचा, स्लॉट पण ब्रशने झाडायचा, पट्टी परत बसवताना दोन्ही कानांचा टक असा आवाज आला पाहिजे. खोडरबर काळा पडला. तिघांतले तिघे उठले. खारा वारा लोखंडी खिडकीचे गज खातो तिथे ह्या पट्टीची काय कथा. वयनीला सांगून ठेवलंय, पावसाळाभर रोज अर्धा तास तरी सगळे चालू करायचे, गरम झाले की दमट हवा बाहेर जाते. नाही केलं तर गणपतीपर्यंत बुरशी.

८ जून, रविवार

काय घालायचं ह्यावर विचार. विंडोज ११ ह्या मशीनवर बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चालेल पण त्याचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, शिवाय लायसन्स कुठून आणणार. बाजारात क्रॅक मारून देतात, वाचनालयात मी ते करणार नाही.

लिनक्स मिंट २२.१ घेतोय, एक्सएफसीई वालं, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं. मिंट हे उबंटूवर बांधलेलं, उबंटू डेबियनवर, तिन्ही लिनक्सचेच प्रकार. दोन जीबी रॅममध्ये कसंबसं आणि चार जीबीत नीट चालतं, अपडेट २०२९ पर्यंत येणार, आणि मुख्य म्हणजे खाली डाव्या कोपऱ्यात मेनूचं बटण आहे, माणूस बुजत नाही. ह्याच्यापेक्षा ते भारी त्याच्यापेक्षा हे भारी असं लिनक्सवाले रात्रभर भांडू शकतात, मी पण पुण्यात भांडलोय, पण ज्याला माऊस धरता येत नाही त्याला त्या भांडणाचा काय उपयोग.

आजोबा ३२ बिटचे आहेत, मिंट २२.१ हे ३२ बिटला येत नाही. त्यांना डेबियन १२. पुढच्या डेबियनमध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच राहणार नाही म्हणतात, म्हणजे आजोबांचा हा शेवटचा सदरा.

१४ जून, शनिवार

तीन दिवस नेट नाही. पावसात फांदी पडली की वायर तुटते हे दर वर्षीचं. मोबाईलवर मिंटची फाईल उतरवली, जवळपास तीन जीबी, डोंगरावरच्या सड्यावर जाऊन, रेंज तिथेच.

घरी येऊन शा-२५६ ची बेरीज ताडून बघितली तर जुळेना. फाईल डाऊनलोड करताना मिंटच्या साईटवर चौसष्ट अक्षरांची एक ओळ दिलेली असते, आपल्या फाईलची ओळ काढून तिच्याशी ताडायची, एक अक्षर जरी वेगळं आलं तर फाईल खराब. मागे एकदा हा कंटाळा केला होता तर इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर जाऊन मेलं आणि मी दिवसभर हार्डडिस्कला शिव्या घालत बसलो. ह्यावेळी परत सड्यावर गेलो. दुसऱ्यांदा जुळली.

पेन ड्राईव्हवर व्हेंटॉय घातलं, म्हणजे मिंट आणि डेबियन दोन्ही एकाच पेन ड्राईव्हवर, फाईल नुसती कॉपी करायची.

१७ जून, मंगळवार

पाच मशीन झाली. सहाव्याला अर्ध्यात लाईट गेली. परत आल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, वयनी घाबरली, "गेला काय?" गेलं काय, पहिल्यापासून परत घातलं, वीस मिनिटं. आता इन्स्टॉल फक्त इन्व्हर्टरच्या प्लगवर.

दोन मशीनवर ब्राऊझर उघडला की प्रत्येक साईट असुरक्षित म्हणून सांगतो. तासभर डोकं खाल्लं, मग कोपऱ्यात तारीख बघितली, १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला. तारीख मागची असली की साईटचं सर्टिफिकेट त्याला अजून जन्मलेलंच वाटत नाही. सीआर २०३२ हा सेल, देवगडात घड्याळवाल्याकडे मिळतो. दहा घेऊन आलो, एकदाचं सगळ्यांना नवीन.

२२ जून, रविवार. पहिला वर्ग

फसला.

चौदा जण आले. निवृत्त गुरुजी, अंगणवाडीच्या दोन ताई, बचत गटाच्या तीन काकी, आंब्याचे बागायतदार दादा, आठवी-नववीची सहा पोरं, आणि तांडेल काका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर काढून झापांनी झाकलेल्या, म्हणून काका मोकळे.

मी चाळीस मिनिटं बोललो. १९८३ ला रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला तिथपासून, १९९१ ला फिनलंडच्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिला, १९९२ ला तो जीपीएल ह्या मुक्त परवान्याखाली आला, १९९६ ला पेंग्विनचं चिन्ह आलं, जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरपैकी सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात पण हाच कर्नल. मला वाटलं रंगलाय वर्ग. बघतो तर अर्धे खिडकीतून पाऊस बघतायत.

तांडेल काकांनी एकच विचारलं, "फुकट कोण कित्याक देता?"

मी सांगायला गेलो की काका, फुकट ही वेगळी गोष्ट आणि मुक्त ही वेगळी. आपल्याकडे बरं आहे, दोन शब्द दोन अर्थाचे आहेत, इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही कोंबलेत म्हणून ते लोक चाळीस वर्षं समजावतायत. वापरायची मुभा, आत कसं चालतं ते बघायची, दुसऱ्याला द्यायची, बदल करायची, ह्या चार मुभा म्हणजे मुक्त. काका मान हलवत होते पण चेहऱ्यावर, ह्यात कायतरी गोम आहे. मधली काकी म्हणाली, "मगे ह्यात टाईप खय करूचा?" आणि ते दाखवायला वेळच उरला नाही.

निघताना बघितलं, आठही मशीनचे माऊस जिथे ठेवले होते तिथेच. दोन तासात एकाने पण हात लावला नव्हता.

२४ जून, मंगळवार

अंगणवाडीच्या ताई वाटेत भेटल्या, सरळ विचारलं, हात का नाही लावला. म्हणाल्या, पूर्वी एका ठिकाणी कोर्स लावला होता तिथे सर सांगायचे मी सांगतो तेवढंच दाबा, दुसरं काही दाबलं तर बिघडेल, बिघडलं तर पैसे भरावे लागतील. तेव्हापासून बँकेतल्या मशीनला पण बोट लावताना छातीत धडधड होते. काकींचं पण तेच असणार.

म्हणजे लोकांना लिनक्स काय ते कळत नाही ही अडचणच नव्हती. त्यांना बिघडण्याची भीती होती आणि मी त्यांना हेलसिंकी सांगत होतो.

२९ जून, रविवार

आज एक शब्द इतिहास नाही.

चार नंबरच्या मशीनची हार्डडिस्कच काढून ठेवली आणि पेन ड्राईव्हवरून मिंट लावलं. असं लावलं की सगळं रॅममध्येच चालतं, काहीही करा, बंद करून चालू केलं की जसंच्या तसं. वयनीने पाठकोऱ्या कागदावर स्केचपेनने लिहून चिकटवलं : हे बिघडवा.

पोरं आधी गेली, पोरांना काय सांगावं लागत नाही. पाच मिनिटात एकाने खालची पट्टीच उडवली, मेनू गेला, घड्याळ गेलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेन ड्राईव्हवरून परत चालू केलं, पट्टी जागेवर. मग काकी उठली, तिने वॉलपेपर बदलला, डेस्कटॉपवरचे आयकॉन इकडून तिकडे केले, कचऱ्याच्या डब्यात काय काय टाकलं, म्हणाली, "आता बंद कर." बंद केलं, चालू केलं. "बगूया." परत सगळं पहिल्यासारखं. ती जे हसली ना. मग तिसऱ्यांदा स्वतःच बंद करून स्वतःच चालू केलं, पेन ड्राईव्ह निवडायला एफ-बारा दाबायचं ते पण तिला मी सांगितलेलं आठवलं.

त्यानंतर बाकीच्या सात मशीनवर पण हात पडायला लागले.

६ जुलै, रविवार

आषाढी. देवळात भजन, वर्ग नाही. गुरुजींनी टाळ वाजवता वाजवता विचारलं की हे लिनक्स शाळेत कुठे वापरतात का. केरळात, सरकारी शाळांत, वीसेक वर्षं झाली. "मग आपल्याकडे?" म्हणाले आणि पुढच्या अभंगाला लागले.

१३ जुलै, रविवार

मराठी टायपिंग. ह्यासाठीच निम्मे लोक येतायत.

आयबस घातलं (दुसऱ्या भाषेत टाईप करायचं साधन), त्यात एम-१७-एन चा मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही टाकले. पोरं फोनेटिकवर, मोबाईलची सवय. गुरुजी इनस्क्रिप्टवर, कारण डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं हे कळल्यावर ते म्हणाले ही तर बाराखडीच आहे, हेच शिकतो. दहा मिनिटात "समुद्र" लिहिला.

अडले कुठे तर "किनाऱ्यावर". लिहिलं की "किनार्यावर" होतंय, र वर चढून रफार होतोय. गुरुजी ते सोडून देणारे नव्हेत, चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांत हेच लाल केलंय. "हा शब्द चूक आहे, मी चूक शब्द लिहिणार नाही." मला पण पटकन आठवेना, मी स्वतः घाईत तसंच ठोकतो. मग सापडलं. साधा र घ्यायचा नाही, नुक्तावाला ऱ घ्यायचा. शिफ्ट धरून जे, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरकी रेघ म्हणजे य, मग इंग्रजी ई म्हणजे काना. ऱ्या. गुरुजींनी ते तीनदा केलं. किनाऱ्यावर. वाऱ्यावर. मग चष्मा वर करून म्हणाले, "होऱ्याचं पण होईल?" झालं. होऱ्या हे कोणत्या शब्दकोशात आहे मला माहीत नाही पण कॉम्प्युटरने निमूट लिहिलं.

बाकी लोकांना ह्यात काय एवढं वाटलं असेल, पण मला आजचा दिवस आवडला.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत पण आहेत, लिब्रेऑफिसचे (लिहायचं आणि हिशोबाचं मुक्त सॉफ्टवेअर) आणि लिनक्सचे. नेट असताना उतरवून सगळ्या मशीनवर टाकतोय. दहा-दहा मिनिटांचे तुकडे आहेत, लाईट जायच्या आत एक बघून होतो.

२० जुलै, रविवार

आज मी मार खाण्यासारखं काम केलंय.

कोण कुठल्या मशीनवर बसेल सांगता येत नाही म्हणून मी सगळीकडे पाहुण्याचं लॉगिन चालू करून ठेवलं होतं, पासवर्ड नाही, या बसा वापरा, उठताना लॉगआऊट करा की तुमचं सगळं पुसलं जातं, पुढच्याला कोरी पाटी. सायबर कॅफेला उत्तम. गुरुजींनी त्यात बसून दोन दिवस, शुक्रवारी सोडलेलं मशीन वयनीने बंदच केलं नव्हतं म्हणून टिकलं, असं करत गावच्या देवळाच्या जत्रेबद्दल तीन पानं लिहिली, सगळे ऱ्या बरोबर. आज शिस्तीत सेव्ह केलं, शिस्तीत लॉगआऊट केलं. मी शिकवलं तसंच.

"अरे, माझं लिहिलेलं कुठे गेलं?"

गेलं ते गेलं. तात्पुरत्या जागेत असतं ते, लॉगआऊटला पुसतं, परत येत नाही. पाहुणा म्हणून शिरताना तशी सूचना येते पण ती इंग्रजीत, गुरुजींनी खालचं बटण दाबलं, सगळे दाबतात तसं. गुरुजी काही बोलले नाहीत हे जास्त लागलं. छत्री घेतली आणि गेले.

वयनी मात्र बोलली. "भाओजी, पासवर्ड तुमच्याकडे, बाकी सगळे पावणे. मगे कॉम्प्युटर कोणाचो झालो? तुमचोच मा?" एक महिना मी मुक्त मुक्त सांगत होतो आणि चाव्या माझ्याच खिशात. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२३ जुलै, बुधवार

पाहुणा बंद. प्रत्येकाचं स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड, ठरलेलं मशीन. ॲडमिनचा पासवर्ड वयनीला दिला, तिने तो कुठे लिहिलाय मला सांगितलं नाही, बरोबर केलं. टाईमशिफ्ट लावलं, ते सिस्टीमचा रोज एक फोटो काढून ठेवतं, अपडेटने किंवा कोणी काही मोडलं तर कालच्या फोटोवर परत जाता येतं. पण ते सिस्टीमचं, लोकांच्या फाईलींचं नाही, म्हणून फाईलींची कॉपी दर शनिवारी वयनी पेन ड्राईव्हवर घेणार.

संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, पहिला मसुदा जरा पसरटच झाला होता.

२७ जुलै, रविवार

तांडेल काकांचा शेवटचा वर्ग, शुक्रवारपासून होडी पाण्यात. आज त्यांना मिंटच्या मशीनवर आणि आजोबांच्या डेबियनवर दोन्हीकडे बसवलं, दिसायला वेगळे, फाईल उघडून लिहायची रीत तीच. बघून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे इंजान एकच आणि होडये येगयेगळे, असाच मा?" चाळीस मिनिटांत मला जे जमलं नव्हतं ते. हो काका, कर्नल म्हणजे इंजिन, त्यावर कोणी मिंटची होडी बांधतो कोणी उबंटूची, रंग ज्याचा त्याचा. "आणि इंजान बिघाडला तर खोलूक मिळता?" मिळतं. "मगे बरा." कंपनीचं सीलबंद इंजिन घेतलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

३ ऑगस्ट, रविवार

बचत गटाच्या काकींनी एका टायपिंगवाल्याकडून केलेली प्रस्तावाची जुनी फाईल आणली, उघडली तर इंग्रजी अक्षरांची भेळ. लिनक्सने फाईल खाल्ली असं त्यांना वाटलं. फाईल धड होती, ती जुन्या मराठी फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये आतून सगळं इंग्रजीच असतं, फक्त त्या अक्षरांचे चेहरे देवनागरी काढलेले. फॉन्ट नसेल तर मुखवटा पडतो, दशावतारात राक्षस विंगेत जाऊन विडी ओढायला लागला की कसा दिसतो तसं. युनिकोडमध्ये क म्हणजे क, कुठल्या पण मशीनवर. कन्व्हर्टरने ऐंशी टक्के सुधारलं, बाकी काकींनी हाताने. कंटाळवाणं काम, पण त्यात त्यांचं टायपिंग पक्कं झालं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. काही केलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रिंटर. वाचनालयाचा जुना लेसर प्रिंटर लिनक्सवर चालता चालत नाही, चार रात्री गेल्या, एकदा छापलं ते पण आडवं. सोडला. दुसऱ्या कंपनीचा एक जुना कणकवलीहून आणला, तो वायर लावल्या लावल्या ओळखला. जुनं मशीन लिनक्सवर नेणाऱ्यांना माझं सांगणं एकच, आधी प्रिंटर आणि वायफाय लाईव्ह पेन ड्राईव्हवर तपासा, मग बाकीचं. वायफाय नाही लागलं तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ते लगेच लागतं.

अंगणवाडीच्या ताईंना जीकॉम्प्री आणि टक्स पेंट दाखवलं, दोन्ही मुलांसाठीच. टक्स पेंटमध्ये शिक्का मारला की आवाज येतो, ताईच अर्धा तास शिक्के मारत होत्या.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर, पाच जण आले, तेही मखराचं बोलायला. उद्या २५ ऑगस्ट. १९९१ साली ह्याच तारखेला टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक सिस्टीम करतोय असं जाहीर केलं होतं. वर्गात बोललो नाही. इथे लिहितोय.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. चाकरमानी परत निघाले, त्यातल्या एका भाच्याला लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी मिंट पाहिजे होतं, आरतीच्या मधे मधे बसून करून दिलं. दुसऱ्या दिवशी बोंबलत आला, मामा विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं. बरोबर साडेपाच, पाच मिनिटं इकडेतिकडे नाही, तेव्हाच कळलं. लिनक्स मशीनच्या आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेला लावून ठेवतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं, विंडोज आतलं घड्याळ हीच इथली वेळ समजतं. दोघं एका घरात राहिले की असं होतं. एका ओळीच्या कमांडने लिनक्सला विंडोजच्या पद्धतीने वागायला लावलं. ह्या सगळ्या प्रकल्पात टर्मिनल (टाईप करून हुकूम द्यायची खिडकी) उघडायची वेळ लोकांसमोर ही पहिलीच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा शेवटचा दिवस. बागायतदार दादा सकाळीच लॅपटॉप घेऊन दारात, "घाल बाबा तुझं लिनक्स." आधी त्यांची हिशोबाची फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघितली. पेट्या, डझन, दलालाची अडत, सगळं दिसतंय, पण कोणीतरी करून दिलेले मॅक्रो आहेत, बटण दाबलं की बिल तयार होतं, ते बटण चालेना. सीझन त्या बटणावर चालतो. म्हटलं दादा, नको, तुम्ही आहात तिथेच रहा, विंडोज १० ला जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, ते लावून दिले. दादा खट्टू झाले. मला पण एक गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटलं, पण एप्रिलमध्ये बिल निघालं नाही तर शिव्या कोणाला?

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सुट्टी म्हणून पोरं सकाळपासून. चार नंबरला आता हार्डडिस्क परत घातलीय पण कागद तसाच आहे, हे बिघडवा, आणि नववीतल्या पोरीने ते मनावर घेतलं. कुठल्याशा व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये कायतरी ठोकलं आणि मशीन पुन्हा उठेना. टाईमशिफ्टचे फोटो पण त्याच डिस्कवर, ते पण गेले. मी बागेत होतो. फोन केला तर वयनी म्हणते, "येव नको, आमी बघतो."

दुपारी गेलो तेव्हा इन्स्टॉल होऊन गेलं होतं. वयनीने पेन ड्राईव्ह काढून दिला, पोरीने एफ-बारा दाबलं, प्लग इन्व्हर्टरवर टाकला, डिस्क कुठली पुसायची ते दोघींनी दोनदा वाचलं. फक्त पहिल्याच पानावर भाषा विचारतात तिथे मी नेहमी पुढे जातो, पोरीने यादीत खाली जाऊन मराठी निवडली. त्यामुळे आता चार नंबर मराठीत आहे. म्हणजे अर्धं. काही मेनू मराठीत, काही इंग्रजीत, जिथे कोणी भाषांतर केलेलं नाही तिथे तसंच.

गुरुजी तिथेच होते. खुर्ची ओढून बसले आणि एक एक मेनू उघडून वाचायला लागले, मोठ्याने. एका ठिकाणी थांबले. "ही वेलांटी ऱ्हस्व आहे." मग आणखी एक. "हे कोणी लिहिलंय?" मी सांगितलं, कोणीतरी आपल्यासारख्याच माणसाने, फुकट, लाँचपॅड नावाच्या ठिकाणी बसून, आणि मिंटचा स्वतःचा जेवढा भाग आहे तेवढा तिथेच जाऊन कोणीपण सुधारू शकतो. "कोणीपण म्हणजे मी?" म्हटलं, हो.

गुरुजींनी वहीतलं कोरं पान उघडलं, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे चूक उजवीकडे बरोबर. अंधार पडेपर्यंत अकरा झाल्या होत्या. पोरगी शेजारी बसून कुठल्या मेनूत कुठे ते सांगत होती.

पुढच्या रविवारी : गुरुजींचा ईमेल काढायचा. चार नंबरची मराठी काढायची नाही. सेल दोन शिल्लक.